पुरीमच्या पोळ्या

आज आमचा पुरीम. अंबडात ज्यू घर आमचं एकटंच, म्हणून सणाचं ताट शेजारीच द्यायचं. माझं लग्न झाल्यापासून पहिलं ताट शेजारच्या काकूंचं. दरवर्षी म्हणायच्या, "पोरी, तुझ्या हाताला काय चव हाय गं!"

आज ताट देऊन आले, तर तुपाची वाटी घरीच राह्यलेली. जल्दी माघारी गेले. काकू पाठमोऱ्या उभ्या, दारातल्या गाईला माझ्या पुरणपोळ्या चारून राह्यल्या होत्या. सगळ्याच.

मी वाटी घेऊन गुपचूप परतले.

दुपारी त्या ताट परत द्यायला आल्या. रिकामं द्यायचं नसतं म्हणून त्यात साखर. "लई गोड झाल्त्या गं!"

मी हसले. मंग आठवत बसले, एवढ्या वर्षांत त्यांना माझी पोळी खाताना मी कधी पाह्यलंच न्हाई.

तुम्ही असता तर पुढच्या पुरीमला ताट दिलं असतं?