तोरिकाला हवा होता नकार

तोरिका कुणाच्याही कामाची फाइल उघडली की आधी उलटी धरायची. अक्षरं वाचता आली नाहीत की मांडणी खरी दिसते, असं तिचं म्हणणं. समोरच्या उमेदवाराला मात्र वाटायचं, बाईंना वाचता येत नाही. वय सत्तावन्न, अंगाने भरभक्कम, कानामागे एक फूल आणि फुलामागे पेन्सिल. फिजीतल्या सुवा शहराच्या त्या छापखान्यात पाट्या, रग्बीच्या जर्सी, अंत्यविधीच्या पत्रिका, काहीही तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय यंत्रावर चढत नसे. डिझायनर निवडणंही तिच्याकडेच.

पण तिने निवडलेले मागचे दोघे फसले. फाइली देखण्या, माणसं मान डोलावणारी. एक बेकरीवाला चारदा म्हणाला, "पाव जरा मोठा करा." पाव एवढा फुगला की पाटीवर बेकरीचं नावच मावेना.

"तू फाइल बघतेस की लग्नाचा अल्बम?" मालक सुरुजदेव म्हणाला. "या वेळीही मेंढरू आणलंस, तर पुढची माणसं मी निवडणार."

"तू? तू निवडलेला लग्नातला शर्ट तुझी बायको अजून विसरलेली नाही!"

तो हसला, पण बोलणं मागे घेतलं नाही. तोरिकालाही ठाऊक होतं, चूक तिचीच होती. तिच्यासमोर प्रत्येक पोर घरी शिकवलेलं असतं तसंच बसायचं. नजर चटईवर, आवाज तिच्याही खाली. अशा पोराच्या पोटात 'नाही' आहे की नाही, हे फाइलीवरून कसं कळावं?

पहिली आली वासेमादा. तिची फाइल उलटी धरली तरी सुंदर.

"हे तू केलंस?"

"आम्ही केलं, मॅडम."

"आम्ही म्हणजे किती जणी?"

"सगळ्यांनीच, मॅडम."

"हा निळा इथे चुकला, नाही?" निळा चुकला नव्हता. तोरिकाने मुद्दाम गळ टाकला होता.

"हो मॅडम, चुकला."

तोरिकाने फाइल मिटली.

दुसरा इसिकेली. त्याने आपल्या गावाचं नाव सांगितलं आणि तोरिका खुर्चीतून उडालीच. त्याचं आणि तिचं गाव एकमेकांचे तौवू. दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच, त्यामुळे भेटल्याबरोबर एकमेकांची अब्रू काढणं हाच शिष्टाचार.

"म्हणजे तू त्या उसने मासे आणणाऱ्यांचा!"

"आणि तू ते करपवणाऱ्यांची, म्हातारे!"

"हे पोस्टर आहे की वाळत घातलेली धुणी?"

"चालत्या बसमधून वाचता येईल असं आहे. तुमची पाटी वाचायला मला दोन बसेस सोडाव्या लागल्या!"

मारामारी जुंपली असं वाटून सुरुजदेव धावत आला. तोरिका डोळे पुसत हसत होती. "बॉस, सापडला! हा भांडतो!"

मात्र दुपारी उकडलेला कसावा कंद तिने अर्धाच खाऊन बाजूला सारला. इसिकेलीचं तोंड त्याच्या गावाने उघडलं होतं. वासेमादाला ती मुभा कुणी दिली होती? आपण आज दोघांचं काम तपासलं की पूर्वज तपासले? दोघांच्या फाइली शेजारी ठेवल्या, तर मुलीची सरस होती. आणि सरस फाइल निवडून दोनदा तोंडघशी पडल्यावर तिसऱ्यांदा त्याच खड्ड्यात उतरायचं धाडस तिला होत नव्हतं.

शेवटी तिने वासेमादाला परत बोलावलं. भिंतीवरचं छापखान्याचं जुनं पोस्टर उतरवलं. तोरिकाचंच होतं ते, तिचं लाडकं. टेबलावर पसरून तिने शेजारी लाल पेन्सिल ठेवली.

"चुकलंय तिथे खुणा कर. मी बाहेर चाललेय. मी समोर नसेन."

"कुणी केलंय, मॅडम?"

"आम्ही सगळ्यांनी," तोरिका म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

अर्ध्या तासाने येऊन पाहते तर पोस्टरला गोवर आलेला. चौदा लाल खुणा, प्रत्येकीपाशी बारीक अक्षरात कारण. 'तारीख म्हाताऱ्यांना दिसणार नाही.' 'होडी कागदाबाहेर चाललीय, नजरही तिच्यामागे जाते.' तोरिकाने चौदाही वाचल्या. एकेक खूण खरी होती. एक सोडून.

"ही सावली बरोबर आहे," तिने बोट ठेवलं.

वासेमादाची नजर चटईवर गेली. मग चटईलाच म्हणाली, "नाही, मॅडम. सूर्य डावीकडे काढलाय, आणि सावलीही डावीकडेच पडलीय."

तोरिकाने चष्मा लावला. सूर्य डावीकडेच होता, गेली सतरा वर्षं.

"सोमवारी ये," ती म्हणाली.

नोकरी वासेमादाला दिल्याचं इसिकेलीला तिने स्वतः बोलावून सांगितलं. त्याने रीतीप्रमाणे तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, टेबलावरचं पोस्टर बराच वेळ निरखलं आणि गुंडाळून काखेत मारलं. तौवूने उचललेलं परत मागायचं नसतं.

"त्याचं काय करणार आहेस?" तोरिका म्हणाली.

"नऊ चुका मलाही दिसल्या असत्या," तो दारातून म्हणाला. "बाकीच्या पाच शिकतो."