लिलावात निघालेल्या दुपारी

अळशीचं तेल पाजलेल्या लाकडावर कार्तिकातलं कोवळं ऊन पडलं की एक मंद, किंचित कडसर गंध सुटतो, आणि तो गंध आला की आजही, या वयात, मला सर्वांत आधी जांभई येते. कुणाला अत्तराच्या वासानं प्रीती आठवते, कुणाला चुलीच्या धुरानं माहेर. माझ्या वाट्याला जांभई आली. त्याला कारण आहे. माझ्या आयुष्यातली सर्वांत गाढ, सर्वांत निर्मळ झोप मी पांढुर्ण्याच्या स्टेशनापलीकडच्या गिरजाघरात, मागच्या बाकावर बसून, पाळकसाहेबांचं प्रवचन चालू असताना काढली आहे. आणि लोक देवाच्या दारी काय काय मागायला जातात ते पाहता, मी मागितलेलं फार होतं असं मला वाटत नाही.

ते वर्ष राज्यांच्या वाटणीचं. कालपर्यंत आमची राजधानी असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही, त्याच बोलीत भांडणारी, त्याच संत्र्यांच्या बागांतून वाढलेली पांढुर्णा-सौसरची माणसं, मध्यप्रदेशातच राहिलो. नवी राजधानी भोपाळ, जी आमच्या आळीतल्या कुणीही पाहिलेली नव्हती. जाम नदीला यातलं काही कळलं नव्हतं. ती आपली सावरगावला पलीकडे आणि आम्हांला अलीकडे ठेवून, उन्हाचे कवडसे अंगावर घेत निवांत वाहत होती. माझी वाटणी मात्र त्याआधीच झाली होती. आदल्या उन्हाळ्यात विषमज्वरानं माझा नवरा गेला, आणि जेमतेम बोलू लागलेला बाळू, मुलींच्या प्राथमिक शाळेतली नोकरी आणि भाड्याची एक खोली एवढं माझ्या बाजूला राहिलं.

मी तेव्हा बावीस वर्षांची. अंगानं काटकुळी आणि डोक्यानं शोकांतिकेची नायिका. खिडकीशी कोणत्या बाजूनं उभं राहिलं म्हणजे आपलं पांढरं कपाळ अधिक करुण दिसेल, याचा मी सराव करीत असे असं म्हटलं तर त्या पोरीवर अन्याय होईल. पण ते अगदीच खोटंही होणार नाही. खरं दुःख मात्र त्या खिडकीत नव्हतं. ते चुलीपाशी होतं. डाळ करपून काळा धूर निघे, बाळू पदर ओढून ओढून रडे, आणि मला ते सारं नदीच्या पल्याड कुणाचं तरी मूल रडत असावं तसं ऐकू येई. हात उचलावा असं वाटे आणि हात उचलला जात नसे. डोक्यात सरकी काढलेला कापूस दाबून भरला होता जणू. शाळेत त्याला वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसवीत असे. तो मुलींच्या पाट्या चाटे, आणि मोठ्या बाई मला दारातून नुसत्या पाहत. त्या पाहण्याला मी रागावण्यापेक्षा अधिक भीत असे.

गिरजाघरात मला बाळूनंच नेलं. त्याला तिथल्या बाजाच्या पेटीचा नाद लागला. एका रविवारी तो खोलीतून निसटला आणि मी त्याला शोधत गेले, तर हे चिरंजीव पाळकांच्या पत्नीच्या, रूथबाईंच्या मांडीवर बसून भाता ओढण्यात मग्न. गाणं चाललं होतं; अर्ध्यातून उठवायचं कसं, म्हणून मी मागच्या बाकाच्या टोकाला टेकले. उंच खिडकीतून ऊन तिरपं उतरत होतं, त्यात धूळ सोन्याच्या कणीसारखी तरंगत होती, पाळकसाहेबांचा आवाज दुरून येणाऱ्या मोटेसारखा संथ चढत-उतरत होता... आणि डोळे उघडले तेव्हा, तिथले लोक ज्याला देऊळच म्हणत, ते गिरजाघर रिकामं होतं, माझ्या पायांवर कुणाची तरी शाल होती आणि अंगणात बाळू भाकरी खात होता.

घरमालकीण काकूंनी मला दारातच गाठलं. “अवं, झोपली होती म्हणे तिथं! झोपेत पाणी शिंपडते ते लोक, पोरंही पळवते. उठेपावतर माणूस बाटला राह्यते!” मी, शिकलेली मास्तरीण, खोलीत गेले, दार लावलं आणि भांग चाचपून पाहिला, ओला आहे का. कोरडा होता. तरी पुढच्या रविवारी गेले ती पितळी तांब्यात घरचं पाणी घेऊन, आणि बसले ती अशी की एक पाय उंबऱ्याबाहेर राहावा. माझा सिद्धांत असा होता की पाय बाहेर असला म्हणजे बाटणं पूर्ण होत नाही. असा एक पाय बाहेर ठेवूनही मला झोप लागलीच.

मग तो माझा नेमच झाला. पहाटे तुळशीला पाणी घालायचं आणि ऊन वर आलं की बाकावर जाऊन निजायचं. त्या माणसांनी मला माझ्या नवऱ्याविषयी विचारलं नाही, धीर धर म्हटलं नाही, देव पाहतो आहे असंही सांगितलं नाही. एकदा कुणी तरी मला हलवायला गेलं, तर अर्धवट ग्लानीत रूथबाईंचा आवाज ऐकू आला, “झोपू दे नं वं तिले. आठवडाभर उभीच असते ते.” आणि पाळकसाहेब तर भेटले की म्हणत, “माझ्या प्रवचनाचा इतका गुण दुसऱ्या कुणालाच आला नाही, बाई.”

पण एका तासाच्या झोपेवर आठवडा निघत नाही. त्याच सुमारास माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ वामनराव, भेटीला आले. नागपूरच्या सचिवालयातले कारकून. सरकारनं राज्यांबरोबर कारकूनही वाटून घेतले आणि यांच्या नशिबी मुंबई आली. त्यांना मूलबाळ नव्हतं. दारातल्या खुर्चीवर बसून, माझ्याकडे न पाहता, भिंतीला सांगावं तसं ते म्हणाले की मुंबईला जाण्याआधी ते पुन्हा येतील आणि बाळूला घेऊन जातील. तिथं शाळा चांगल्या, घरात दोन माणसं, आणि इथं मी एकटी काय करून राहिले ते त्यांना दिसत होतं. भासऱ्यांसमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. मी दाराआड उभी राहून मान हलवली. सौसरला माहेरी जाऊन वडिलांना विचारलं, तर दम्यानं धापत तेही म्हणाले, “पोराचं भलं होईल, सुमे.” आणि परतीच्या बैलगाडीत, संत्र्यांच्या बागांमधून येताना, पोपटी-पिवळ्या फळांनी वाकलेल्या त्या फांद्यांकडे पाहताना, माझ्या मनात दुःखाआधी जे आलं ते सुटकेसारखं काही तरी होतं. त्याला मी घाबरले. मला वाटलं, मला माझं मूल नकोसं झालं. नकोशी मला मी झाले होते, हे कळायला अजून थोडा अवकाश होता.

भासरे यायला दोन-चार दिवस राहिले असतील, तेव्हा गिरजाघरात कापणीचा सण आला. आपापल्या शेताचं, परसाचं पहिलं पीक लोक देवापुढं आणून ठेवतात. मग प्रार्थना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो, आणि आपणच दिलेला कोहळा शेजारी दुपटीनं घेतो, यातच सारी मौज. मी वडिलांच्या बागेतली टोपलीभर संत्री नेली होती. अंगण नुसतं दरवळत होतं: संत्र्यांची साल, नव्या कापसाची कोरडी ऊब, मेथीच्या जुड्या, पायांना दोरी बांधलेल्या कोंबड्या. लिलाव पुकारीत दानिएलकाका. रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पण हिरवी झेंडी अजून सुटली नव्हती.

“सावरगावचा कोहळा! पाहा पाहा, पोट पाहा याचं, ठाणेदारासारखं! कोण घेऊन राहिलं, बोला!”

मी बाकावर बसल्या बसल्या पुन्हा त्या कापसाळ गुंगीत बुडाले होते. माझा हात सोडून बाळू केव्हा गेला मला कळलं नाही. तो कापसाच्या ढिगावर, दोन्ही मुठींत दोन संत्री धरून, राज्याभिषेक झाल्यासारखा बसला होता. दानिएलकाकांनी त्याला उचलून मेजावर उभं केलं.

“आता हा माल पाहा! अस्सल पांढुर्ण्याचा! दात कमी, आवाज जास्त. बोला, काय देता?”

सारं अंगण हसलं. आणि मी उठले. काकूंनी सांगितलेलं सगळं, पाणी शिंपडणं, पोरं पळवणं, एका क्षणात खरं होऊन माझ्यापुढं उभं राहिलं, आणि ज्या मुलाला दोन-चार दिवसांत मी आपण होऊन देणार होते, त्याच्यासाठी मी भर देवळाच्या अंगणात किंचाळले, “विकायचा नाही तो! माझा आहे!”

कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. मग मागून रूथबाई म्हणाल्या, “अवं माये, विकून कोण राहिलं? बस खाली, चक्कर येईन.” आणि त्यांनी हात वर केला. “लिहा दानिएलभाऊ. सोमवारची दुपार!”

“काय म्हणता, बाई?”

“पैसे नाही माह्यापाशी. सोमवारची दुपार देते. हिची शाळा सुटेपावतर पोट्टा माह्यापाशी राहीन.”

क्षणभर कुणालाच उमगलं नाही. मग कम्पाउंडरची बायको, मार्थाबाई, उभी राहिली. “मंगळवार माहा!” कुणी म्हणालं, “बुधवार-गुरुवार दोन्ही आमच्याइथं, आमच्या घरी बकरी हाय, दूध भेटते त्याले.” शुक्रवारावरून तर दोन जावांत जुंपली.

“तुले तुहेच चार सांभाळणं होऊन नाही राहिले!”

“चारात पाचवा दिसत नाही, म्हणूनच म्हणते नं!”

राहिला शनिवार. पाळकसाहेब खाकरून म्हणाले की शनिवारी ते प्रवचन लिहितात, मूल मांडीवर असलं तर प्रवचन जरा आखूड होईल, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत चहूकडून ओरडा झाला, “शनिवार पाळकसाहेबांलेच द्या!” दानिएलकाकांनी एक बार, दो बार, तीन बार म्हणत हिरवी झेंडी हलवली. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणी तरी मोठ्यानं हसलं म्हणून मी वळून पाहिलं, तर शेजारी कुणी नव्हतं. माझंच हसू होतं ते. इतक्या महिन्यांत त्याचा आवाज मी विसरून गेले होते.

भासरे आले ते लाकडी घोडा घेऊन. बाळूनं घोडा घेतला आणि काकांना तो चालवून दाखवायला लावला. त्यांचं धोतर गुडघ्यांवर मळलं, टोपी तिरपी झाली. मी दाराआडून रीतीप्रमाणे मुलाला उद्देशून म्हणाले, “बाळू, काकांना सांग, तू कुठं जात नाहीस.” बाळूला घोड्याखेरीज जगात काही नव्हतं. तेव्हा मी बाहेर आले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

“तो इथंच राहील, भाऊजी.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं. नायिकेची माझी तयारी होती. ते थकल्यासारखे म्हणाले, “सुमती, तू एकटी कशी करशील?”

मी वार सांगत गेले. सोमवार रूथबाईंचा, मंगळवार मार्थाबाईंचा, बुधवार-गुरुवार बकरीवाल्यांचे, शुक्रवार भांडणातला, शनिवार प्रवचनाचा. ते कारकुनाच्या एकाग्रतेनं ऐकत राहिले.

“पण ही माणसं आपली कोण?”

“दुपारची आहेत,” मी म्हणाले.

त्यांनी बाळूच्या केसांतल्या भोवऱ्यावरून बोट फिरवलं. दारातलं ऊन सरकत त्यांच्या पायांशी आलं होतं. मग, तो लिलाव ज्यांनी पाहिला नव्हता त्या माझ्या भासऱ्यांनी नकळत हात किंचित वर केला.

“मे महिन्यात शाळा बंद असते. कचेरीतून रजा मिळते मला. मे कुणी घेतलाय?”

“नाही.”

“मग मे माझा.”

मी मान हलवली. या वेळी दाराआडून नव्हे.

स्टेशनावर त्यांना पोचवायला आम्ही दोघं गेलो. आजवर सगळे म्हणत आले की सुमतीनं पोराला राखलं हो, एकटीनं राखलं. मी ऐकून घेते. म्हातारीला कौतुक कुठं बोचतं? पण मी त्याला राखलं, की त्या दिवसांत त्याला वारावारानं, महिन्यामहिन्यानं, थोडा थोडा देऊन टाकायला शिकले, आणि जो उरला तेवढाच माझा झाला, हे मला अजून नीटसं सांगता येत नाही. नागपूरची गाडी हलली. खिडकीतली तिरपी टोपी लहान होत होत दिसेनाशी झाली, धूर संत्र्यांच्या बागांवर पसरून विरून गेला, आणि बाळू माझ्या कडेवरून रिकाम्या रुळांकडे हात हलवीतच राहिला. मी त्याला पुरे म्हटलं नाही.