चमेलीची मोडलेली सोयरीक

गोंदियाजवळच्या कुडव्यात पोवार समाजातल्या कुणाच्या घरी लग्न जुळवायचं म्हटलं की पहिलं पाऊल ओमेश्वरीबाई बिसेन यांच्या अंगणात पडायचं. पोवारांची छत्तीस कुरं, म्हणजे कुळं, त्यांना तोंडपाठ. कोणाच्या आजीचं माहेर गोरेगावकडचं, कोणाचा मामा कुठल्या कुराचा, हे त्या भाजी निवडता निवडता सांगत. एका कुरात सोयरीक करायची नाही, हा जुना नियम. तो मोडायला आलेल्या भल्याभल्यांना त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. बाई तोंडाच्या फटकळ, पण त्यांनी जुळवलेलं लग्न टिकतं असा त्यांचा लौकिक होता.

त्यांच्या घरी कुत्री आली ती धाकट्या दिराच्या, गुड्डूच्या हौसेपायी. २००७ च्या सुमाराची गोष्ट. टीव्हीवर मोबाइलच्या जाहिरातीत चपट्या तोंडाचा कुत्रा दिसायचा आणि अर्ध्या गोंदियाला वाटायचं, असला एक आपल्याही दारात हवा. गुड्डूने रायपूरहून पिल्लू आणलं. डोळे बाहेर आलेले, नाक जवळपास नाहीच. नाव ठेवलं चमेली.

"हिच्या तोंडावर म्हैस बसली होती का वो?" शेजारच्या सुशिलाबाईंनी विचारलं.

चमेली घोरायची, आणि ते घोरणं रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. ओमेश्वरीबाईंना त्याचं कोण कौतुक! आमच्या घरी मुका जीवसुद्धा किती निवांत झोपतो बघा, असं त्या आल्यागेल्याला ऐकवत. खाताना धाप, चार पावलं चालली की धाप. "खात्यापित्या घरची हाय, धापल नाई तं काय करल?" असं म्हणत बाई दूधभाताचा आणखी एक घास तिच्या वाटीत टाकत. लाडाने आंधळं झालेलं माणूस असंच असतं.

पुढच्या वर्षी वैशाखात कामठ्याला लग्न होतं, बाईंनीच जुळवलेलं. चमेलीच्या गळ्यात लाल रिबीन बांधून त्या तिलाही घेऊन गेल्या. ऊन डोक्यावर आलेलं, बँड जोरात, वरात काही पुढे सरकेना. मांडवाच्या दारात चमेली धपकन आडवी झाली. जीभ निळी पडली होती. बाईंनी पदर खोचला, पाण्याचा हंडा उचलला आणि तिच्या अंगावर रिता केला. मग नवरदेवासाठी सजवलेली जीपच त्यांनी ताब्यात घेतली आणि कुत्री मांडीवर घेऊन गोंदिया गाठलं. नवरदेव पायी मांडवात गेला.

जनावरांच्या डॉक्टरांनी चमेलीला शुद्धीवर आणलं आणि बाईंना जवळ बोलावलं.

"बाई, ही सुखाने घोरत नव्हती. श्वासासाठी झगडत होती."

त्यांनी नाकपुड्या दाखवल्या, रेघ ओढावी एवढ्याच. घशात टाळू लांब लोंबत होती. कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं आणि हिला तेवढी हवाच मिळत नव्हती. "चपटं तोंड लोकांना गोड वाटतं. म्हणून चपट्यातलं चपटं निवडून पैदास करतात. कित्येकदा बापाला लेक लावतात, भावाला बहीण."

"एकाच घरात?" बाईंचा आवाज चढला. वर्षभर त्या घोरण्याची मिजास मिरवली, हे आठवून त्यांना भडभडून आलं.

नागपूरला ऑपरेशन होत होतं. नाकपुड्या मोठ्या करतात, टाळू कमी करतात. पण अशा कुत्र्याला भूल देणं धोक्याचं, आणि पिल्लं होऊ देणं त्याहून धोक्याचं, असं डॉक्टर म्हणाले.

गुड्डूचा बेत वेगळाच होता. "वयनी, एक वेत होऊ दे, मंग करू ऑपरेशन. दोस्तायले पिल्लं कबूल करून बसलो मी. तिरोड्याचा नर पाहून ठेवला हाय, तोबी रायपूरच्या त्याच माणसाकडून आणलेला."

"बाप कोण त्याचा?"

"कुत्र्याचा बाप कायले पाह्यजे वो?"

"पोरगी देतानी विचारतेत का नाई? लाव रायपूरले फोन."

फोन लागला. बाईंनी आपल्या ठेवणीतल्या हिंदीत नराचं घराणं विचारलं. पलीकडचा विकणारा फुशारकीने म्हणाला, "माताजी, दोनों एक ही बाप के बच्चे हैं. प्योर लाइन है!"

बाईंनी फोन ठेवला आणि त्या दिराकडे वळल्या.

"भाऊ-बहीण हायेत ते, गुड्डू. माह्या दारात हे लग्न होणार नाई. मोडली सोयरीक."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत गुड्डूच गाडी चालवत दोघींना नागपूरला घेऊन गेला. पोरींच्या पाठवणीत कधी डोळ्यांत पाणी न आणणाऱ्या ओमेश्वरीबाई त्या दवाखान्याच्या ओट्यावर मात्र ढसाढसा रडल्या. शेवटी दार उघडलं आणि आतून चमेलीचं बारीक कण्हणं ऐकू आलं. बाईंनी तिथेच हात जोडले.

घरी आल्यावर एका दुपारी बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तर घर चिडीचूप. कूलरपुढे चमेली पडलेली आणि घोरणं नाही! धावत जाऊन त्यांनी तिच्या नाकापुढे तळहात धरला. तळहाताला ऊन, सरळ, मोकळा श्वास लागला.

"गुड्डू, इकडं ये! आयक!"

गुड्डू कान देऊन उभा राहिला. "काय आयकू? काईच तं आवाज नाई."

"तेच आयक," बाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी उन्हात न्यायला आणि वजन वाढू द्यायला मनाई केली होती. दूधभात बंद झाला, फेरफटका सकाळचा ठरला. हिवाळ्यात कामठ्याच्या त्याच घरी आणखी एक लग्न निघालं, तेव्हा चमेली वरातीच्या पुढे तुरुतुरु चालत मांडवात शिरली. नवरदेवाच्या काकांनी विचारलं, "हिची पिल्लं कधी देता, बाई?"

"पिल्लं भेटणार नाईत," ओमेश्वरीबाई ठसक्यात म्हणाल्या. "लय लग्नं जुळवली म्या. पण जे मोडलं ना, त्याच्यासारखं चांगलं एकई जुळवलं नाई."