ओटी पोचली

सातव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला म्हणून माझी लेक मुलुंडच्या हॉस्पिटलात पडून होती. डॉक्टर म्हणाले, वाट बघायची. आता वाट बघणं माझ्या स्वभावातच नाही! तरुणपणी सह्याद्रीत भटकताना एका आडबाजूच्या डोंगरावर देवी पाहिली होती. तिलाच नवस बोललो: ओटी घेऊन येतो, दर्शन होईस्तोवर पाण्याचा थेंबही घेणार नाही. आमच्या हिनं खण-नारळ बांधून दिला. माझ्या मनात मात्र शंका होतीच, की माझ्या उपाशी पोटाचं देवीला काय पडलंय?

अर्ध्या चढावर धुकं उतरलं आणि पायवाट दिसेनाशी झाली. चक्कर येऊन बसलो, तेवढ्यात जवळच कुत्रं भुंकलं. ठाकर आदिवासींचं घर होतं. दोघी सासू-सुना धावत आल्या, मला धरून आत नेलं. सुनेनं नाचणीची भाकरी पुढ्यात ठेवली. मी हात जोडले. "नवस आहे गं बाई. खाल्लं तर माझ्या लेकीचं वाईट होईल."

मग तीही जेवेना. सकाळपासून शेतात राबून नुकती आलेली, मांडीवर तान्हं पोर दुधासाठी रडतंय, आणि ही भाकरीला हात लावत नाही. शेवटी सासू म्हणाली, "पाव्हना उपाशी असला तं आमच्यात घरची बाई जेवत नाय, बाबा."

झाली ना पंचाईत! इकडे माझी लेक, तिकडे ही कोणाची तरी लेक. "देवी आई, सांभाळून घे," म्हणालो आणि घास मोडला. मग तिनंही मोडला. जरा वेळानं पोर शांत झालं.

धुकं काही हटेना, आता वर जाणं शक्य नव्हतं. निघताना ओटी सुनेपुढे ठेवली. ती दचकली. "ही तं देवीची ना?"

"तिचीच आहे. घे."

सासूनं ओढ्यापर्यंत येऊन वाट दाखवली. खाली रेंज आली तसा हिचा फोन आला. रक्त थांबलं होतं. कधी थांबलं, ते मी मुद्दाम विचारलं नाही.

नात आता घरभर रांगते. देवीनं काय घ्यावं आणि कुठे घ्यावं, हे ठरवणारा मी कोण? एवढं त्या घरानं मला शिकवलं, आणि त्या दोघींना मी रोज हात जोडतो. त्या दिवशी फोन ठेवण्याआधी हिनं विचारलं होतं, "ओटी पोचली का हो?"

"पोचली," म्हणालो, आणि तिथेच रस्त्याकडेला बसून पोटभर रडलो.