फ्रेजल व्हर्बचं गाऱ्हाणं

जहाजावरच्या नोकरीसाठी इंग्रजीच्या मुलाखतीत मी दोनदा आपटलो होतो. पहिल्या खेपेला साहेबांनी विचारलं, आजारी सोबत्याला ‘लुक आफ्टर’ करशील का? मी सुट्या शब्दांचा अर्थ लावला आणि नंतर बघीन म्हणून सांगितलं. असली जोडक्रियापदं, म्हणजे फ्रेजल व्हर्ब, माझ्या डोक्यात बसतच नव्हती. दुसऱ्या खेपेचं सांगत नाही. तिसरी खेप शेवटची, असं एजंटाने बजावलं होतं.

बाबा गावचे गाऱ्हाणं घालणारे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं घालणारे. इंग्रजीचा गंध नाही, पण ग्रामदेवतेपुढे उभे राहिले की सगळ्या वाड्यांतल्या घराण्यांची नावं घडाघडा घेतात. ते म्हणाले, “पाठ होत नाय ना? मग गाऱ्हाण्यात घालूया.”

झालं! रोज दिवेलागणीला अंगणात नारळ ठेवायचा, मी अर्थ सांगायचा आणि बाबांनी हात जोडून आळवायचं, “बा देवा म्हाराजा, आग लागली तर जो कोण ‘पुट आउट’ करील, तो ती इझवील, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” घरचे ओरडायचे. आठवड्याभरात शेजारीही ओरडायला येऊ लागले.

मग चुलते रुसले. देवळात पहिल्या नारळाचा मान त्यांच्या घराचा, मग ‘गिव्ह अप’चा नारळ शेजाऱ्याच्या हातात गेलाच कसा? भावकीची बैठक बसली. ‘गिव्ह’, ‘गेट’ आणि ‘पुट’ चुलत्यांकडे, ‘रन’ आणि ‘टेक’ शेजाऱ्यांकडे, असं ठरलं. परीक्षा माझी, पण मला कोणी विचारलंसुद्धा नाही. पुढे चुलते दोन दिवस चिपळूणला गेले, तर ते येईपर्यंत ‘गेट’चं एकही क्रियापद कोणी उच्चारू दिलं नाही. मी नुसता धुमसत होतो.

मुंबईत मुलाखतीला साहेबांनी विचारलं, इंजिन ‘ब्रेक डाउन’ झालं तर? माझे हात आपोआप जोडले गेले, डोळे मिटले आणि उत्तर एका दमात बाहेर पडलं. साहेब खुर्चीत सावरून बसले. त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले, बहुधा मजा म्हणून. मी निवडला गेलो.

घरी आईने साखर वाटली. बाबा मात्र पडवीत जाऊन बसले. मी शेजारी टेकलो, तेव्हा म्हणाले, “खरा सांगू? रोज मोठ्यान बोलायच्या आधी मी मनात येगळा गाऱ्हाणा घालत होतो. ह्याला जहाजावर कोणी घेव नये म्हणून. देवान ऐकलान नाय.”

मला आधी हसू आलं. मग दिसलं, ते खरोखरच देवावर चिडले होते. मी म्हटलं, “बाबा, नऊ महिन्यांनी परत येतोय की.”

“त्याला इंग्रजीत काय म्हणतात?”

“‘कम बॅक’,” मी सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.