शेंडेबाईंच्या नावानं निघालेलं पान

आधीच सांगून ठेवतो, माझा धंदाच असा आहे की त्यात भुताखेतांना जागा नाही. प्रिंटर चालत नसेल तर वायर सैल झालेली असते, कागद अडकलेला असतो, नाहीतर कोणीतरी नको ते बटण दाबून 'आम्ही काहीच केलं नाही' म्हणत उभं असतं. नागपुरात वीस वर्षं कॉम्प्युटर-नेटवर्कची कामं करतोय आणि प्रत्येक वेळी कारण सापडलंय. या सदरातले अनुभव मी वाचायचो ते, खरं सांगायचं तर, बायकोला वाचून दाखवून हसायला. आता मीच लिहायला बसलोय. लाज वाटतेय, पण ती भुताची नाही... ते पुढे येईलच.

रामदासपेठेत एक पॅथॉलॉजी लॅब आहे. नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. तीन मजले - खाली रक्त घेतात, वर मशिनी, आणि त्याच्याही वर डॉक्टर मॅडमची खोली. पूर्वी प्रत्येक कॉम्प्युटरला आपापला प्रिंटर लटकवलेला होता. एक बंद पडला की पेनड्राइव्ह घेऊन जिना चढायची-उतरायची कसरत. मी तिथे प्रिंट सर्व्हर बसवला. म्हणजे कपाटात एक छोटा कॉम्प्युटर. कोणीही, कुठूनही प्रिंट दिली की ती आधी त्याच्याकडे जाते, रांगेत लागते आणि तो ती योग्य प्रिंटरवर पाठवतो. कोणी दिली, कुठल्या कॉम्प्युटरवरून, किती वाजता, सगळ्याची नोंद त्यात राहते. एवढं लक्षात ठेवा, बाकी तांत्रिक काही नाही.

तिथल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन म्हणजे शेंडेबाई. त्यांच्या दोन सवयी होत्या. एक - रक्त घेण्याआधी ट्यूबवर मार्करनं पेशंटचं नाव लिहायचं. नावाचं स्टिकर छापून येतच असे, तरी लिहायचं. दुसरी - एखाद्या सॅम्पलबद्दल मनात खुटखुट आली की त्या पेशंटचं कोरं पान थेट मॅडमच्या खोलीतल्या प्रिंटरवर पाठवायचं. त्यावर फक्त नाव आणि नंबर, रिझल्टची चौकट रिकामी. चिठ्ठी नाही, फोन नाही. ते पान आलं की बाई स्वतः वर येईपर्यंत मॅडम त्या रिपोर्टवर सही करत नसत. असा नियम कोणी केला नव्हता, वर्षानुवर्षं चालत आलं होतं.

मी एकदा चिडवलंच त्यांना. "बाई, स्टिकरवर नाव छापून येते ना, मग हातानं काहून लिहिता?"

"मशीन चुकलं तं मशीनले कोण विचारते गा?" बाई मान वर न करता म्हणाल्या. "विचारतीन तं मले."

गेल्या उन्हाळ्यात बाई रिटायर झाल्या आणि बुटीबोरीला मुलाकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशीच मी त्यांचं लॉगिन बंद केलं, त्यांच्या समोर. त्यांचा जुना कॉम्प्युटर लॅबनं मलाच देऊन टाकला. मी त्याची हार्ड डिस्क काढून घेतली आणि रिकामा डबा मानेवाड्याला घरी माळ्यावर टाकला. हेही लक्षात ठेवा.

आता माझा पराक्रम. बाई गेल्यावर खालच्या काउंटरवर प्रणाली आली. हुशार, हाताला झपाटा. तिला मी मोठ्या ऐटीत शिकवलं, "मार्कर-बिर्कर सोड. ट्यूब स्टँडमध्ये ओळीनं ठेव, स्टिकर ज्या क्रमानं निघते त्याच क्रमानं लावत जा. वाचत बसू नको, सिस्टम चुकत नाही." गर्दी निम्म्यावर आली. मॅडमनी कौतुक केलं आणि मी फुगलो.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. घरोघरी डेंग्यू, लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नाही. अकराच्या सुमारास स्टिकरचा प्रिंटर अडकला. मी दुसऱ्या कामासाठी तिथेच होतो. सर्व्हरवरची रांग बंद करून पुन्हा चालू केली, दोन मिनिटांत स्टिकरं भराभर बाहेर पडली. प्रणालीनं ती भराभर लावली. मी चहा प्यायला गेलो.

दुपारी सव्वादोनला मी काउंटरवर प्रणालीशेजारी उभा होतो. वरून मॅडमचा फोन आला.

"शेंडेबाईंना जरा वर पाठवा."

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, बाई तं रिटायर झाल्या ना..."

मग मॅडम म्हणाल्या, "हो की. मग हे पान कोणी पाठवलं?"

मी वर गेलो. टेबलावर एक कोरं पान होतं. काटोलचा एक पेशंट, गजाननराव. नाव, नंबर, चौकट रिकामी. नेमका त्याचाच रिपोर्ट मॅडमच्या स्क्रीनवर सहीसाठी उघडलेला - प्लेटलेट दीड लाखाच्या वर, म्हणजे काळजीचं कारण नाही. प्रणालीनं त्याला तोंडी तसं सांगितलंही होतं. रिपोर्ट मोबाइलवर येईल म्हणून तो आणि त्याची बायको बसस्टँडकडे निघून गेले होते.

"चुकून कोणाकडून आलं असेल, मॅडम," मी म्हटलं.

"असेल," मॅडम म्हणाल्या. "पण इतकी वर्षं हे पान आल्यावर मी सही केलेली नाही. परत बोलवा त्यांना."

फोन लागला तेव्हा दोघं काटोलच्या बसमध्ये जागा धरून बसले होते. नवरा तापानं फणफणलेला, हातची जागा सोडायची म्हणून बायको वैतागलेली. "एकदा चांगलं हाये म्हणता, एकदा परत या म्हणता!" पण आले बिचारे. पुन्हा रक्त घेतलं.

अठरा हजार.

मॅडमनी त्याला घरी जाऊच दिलं नाही, समोरच्या दवाखान्यात भरती करायला लावलं. मग शोधाशोध झाली. त्याच दवाखान्यात डेंग्यूचा आणखी एक पेशंट होता, आठवडाभर भरती असलेला, आता सुधारत आलेला. सकाळी त्याची ट्यूब स्टँडमध्ये गजाननरावाच्या ट्यूबशेजारीच होती. रांग पुन्हा चालू केल्यावर दोन स्टिकरं पुढे-मागे निघाली होती. वाचून लावली असती तर लहान मुलाच्याही लक्षात आलं असतं... पण वाचू नको असं मीच सांगितलं होतं. भरती माणसाच्या प्लेटलेट कमी दिसल्या तर कोणाला नवल वाटणार? आणि गजाननराव काटोलला जाऊन गोळी घेऊन झोपला असता.

मी सवयीनं सर्व्हरसमोर बसलो आणि नोंदी उघडल्या. त्या पानाची नोंद होती. वेळ दोन वाजून आठ मिनिटं. पाठवणाऱ्याच्या जागी शेंडेबाईंचं लॉगिन. कॉम्प्युटरच्या जागी त्यांचा जुना कॉम्प्युटर.

मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. लॉगिन बंद होतं, मी बंद केलं होतं तसंच. वाटलं, जुनी प्रिंट कुठे अडकून राहिली असेल ती आत्ता सुटली. पण गजाननराव लॅबमध्ये पहिल्यांदाच आला होता, त्याच सकाळी. उन्हाळ्यात अडकलेल्या पानावर त्याचं नाव येणार कुठून? कोणी दुसऱ्या कॉम्प्युटरला बाईंच्या कॉम्प्युटरचं नाव दिलं म्हणावं, तर सगळे एकेक करून तपासले. घरी जाऊन माळ्यावर चढलो. डबा तिथेच, झाकण उघडं, आत हार्ड डिस्क नाही, वर बोटभर धूळ.

रविवारी बुटीबोरीला गेलो. बाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, स्टिकरचंही. वाटलं, त्या काहीतरी म्हणतील - स्वप्न पडलं होतं, जीव घाबरला होता, काहीतरी.

"दोन वाजता? जेवण करून आडवी झाली होती मी," बाई म्हणाल्या. "मस्त झोप लागली होती गा. मले काय मालूम?" मग शेंग हातातच ठेवून विचारलं, "तो माणूस कसा आहे?"

"सुटी झाली त्याले. बरा आहे."

"तू सांगितलं त्याले? चूक तुझी होती म्हणून?"

मॅडमनी लॅबतर्फे माफी मागितली होती, तेवढ्यावर भागलं असं मी स्वतःला समजावत होतो.

"मग माह्याकडे काहून आला?" बाई म्हणाल्या. "काटोलले जा."

दुसऱ्या दिवशी गेलो. मॅडमना विचारून पत्ता घेतला होता. गजाननराव ओसरीवर बसला होता, अंगात त्राण नव्हतं पण बसला होता. बायको दारात उभी. मी सगळं सांगितलं. मीच बसवलेली सिस्टम, मीच दिलेला सल्ला. मग त्या पानाचंही सांगितलं, कारण ते लपवलं तर अर्धंच सांगितल्यासारखं झालं असतं.

गजाननराव जमिनीकडे पाहत राहिला. बायको आत गेली. वाटलं, आता उठावं. पण ती चहा घेऊन आली, कप माझ्यासमोर ठेवला आणि तिथेच खाली बसली.

"त्या बाईले आमचं नाव कसं समजलं?"

"मला नाही माहीत."

ती माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही, पण नजर हलवत नव्हती.

"हे मरत कसे होते ते तुम्ही बराबर सांगितलं," ती म्हणाली. "अन् वाचले कसे, ते मालूम नाही म्हणता."

मी हो म्हटलं. चहा संपवला आणि चारची बस धरली. आज कोणी विचारलं तरी माझ्याकडे तेवढंच उत्तर आहे.