आजोबांचा डिस्चार्ज सेव्हच होईना

मंडळी, आजची संध्याकाळ मनातून जात नाही.

मी मालाडच्या एका छोट्या हॉस्पिटलात डिस्चार्जचे कागद टाइप करतो. काल आमच्या कॉम्प्युटरवर नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. आज दुपारपासून शेअर्ड ड्राइव्हवर एकही फाइल सेव्ह होईना, आणि तिथे फाइल दिसल्याशिवाय बिल काउंटर पेशंटला सोडत नाही.

समोर जोगेश्वरीचे एक आजोबा पिशवी भरून बसलेले. घरी एकटेच राहतात, देवापुढे दिवा लावायला दुसरं कुणी नाही. म्हणाले, "देव चार दिस काळोखात आसत रे. दिवेलागणीक घरी पोचाक व्हया."

आयटीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, रीस्टार्ट करून बघा ना!" पुन्हा पुन्हा केलं. स्क्रीनवर तेच: परवानगी नाही.

आजोबा वैतागले, "मशिनीक बरा नाय तर तिका ॲडमिट कर, माका सोड!" सगळे हसले. मला हसता येईना.

दिवेलागण झाली. आजोबांनी बाकावरच डोळे मिटून हात जोडले. माऊस सोडून मीही जोडले.

त्यानंतर कधीतरी फाइल सेव्ह झाली आणि आजोबा घरी निघाले. कशी, ते आयटीवाल्यालाही सांगता येईना.

बरा झालेला माणूस दारात बसलेला, आणि दार उघडणं आपल्या हातात नाही. अशा वेळी तुम्ही त्याला काय सांगता?